दहा दिवसांची वाट व पाव तासाचें अंतर

धाराशिव व लातूर ह्या दोन्ही शहरांस आज विमानतळ आहेत. नकाशावर एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत पट्टी ठेवून मोजलें तर मधलें अंतर सुमारें ४५ किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें चौदा कोस, भरतें. ताशीं ५०० किलोमीटर जाणाऱ्या लहान उतारू विमानास इतकी मजल मारण्यास साडेपांच मिनिटांहून अधिक वेळ लागूं नये. धांवपट्टीवरून वर चढणें व पुन्हां खालीं उतरणें हिशेबांत धरलें तरी पाव तास पुष्कळ झाला. जमिनीवरची वाट मात्र ह्याहून बरीच लांब आहे. धाराशिवाहून लातुरास जाणारी सडक सुमारें ७५ किलोमीटरांची असून मोटारीस तेथें पोंचण्यास दीड-दोन तास लागतात. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं मांडले कीं कोणाच्याही मनांत येईल, पाव तासाची सोय असतां लोक दोन तास कां घालवितात? ह्याचें उत्तर सोपें आहे. ह्या दोन विमानतळांच्या दरम्यान उतारूंची नियमित ने-आण होत नाहीं. आणि ती होत असती तरी तिकीट, तपासणी, विमानाची वाट पाहणें व विमानतळावरून गांवांत येणें हें सारें धरतां सडकेनें निघालेला मनुष्य आधींच घरीं पोंचून जेवावयास बसला असता.

उत्तर सोपें असलें तरी त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. दोन गांवांतील अंतर आणि त्या अंतरास लागणारा काळ ह्या दोन वस्तु आपण बोलतांना एकच मानतों. वस्तुतः अंतर सृष्टीनें ठरविलेलें असतें, काळ माणसांनीं ठरविलेला असतो. अंतर बदलत नाहीं. काळ व्यापारानें, राज्यानें, सरहद्दीनें आणि एकाद्या कंपनीच्या जमाखर्चानें बदलतो. धाराशिव जिल्ह्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास ह्या भेदाचा जितका स्पष्ट पुरावा देतो तितका महाराष्ट्रांतील दुसरा मुलूख क्वचितच देत असेल. तो पुरावा क्रमानें वाचकांपुढें मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास ईजिप्त देशांतील एका ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची एक मार्गदर्शिका लिहून ठेविली. तिच्या कर्त्याचें नांव लुप्त झालें, परंतु ‘पेरिप्लस’ ह्या नांवानें ती अभ्यासकांस सुपरिचित आहे. भडोच बंदराचें वर्णन करतांना दक्षिणापथांतील दोन बाजारपेठांचा तो विशेष उल्लेख करतो. पहिली पैठण, ती भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आहे. दुसरी तगर, ती पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असून फार मोठें नगर आहे. ह्या दोन्ही ठिकाणांचा माल गाड्यांत भरून, मोठमोठ्या बिनवाटेच्या मुलुखांतून, भडोचेस उतरत असे. पैठणाहून अकीकाच्या जातीचे खडे जात. तगराहून साधें कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि पूर्वेकडील किनाऱ्याच्या प्रदेशांतून तेथें जमा झालेला इतर माल जाई.

ह्या वर्णनांतील एक गोष्ट सहज नजरेंतून निसटते. समुद्रावरचीं अंतरें हा लेखक ग्रीक मापानें सांगतो. परंतु घाटावरच्या पेठांचें अंतर सांगण्याची वेळ आली तेव्हां तो दिवस सांगतो. तो स्वतः बहुधा घाट चढून आलेला नव्हता. गाडीवानांच्या व दलालांच्या तोंडून जें ऐकलें तें त्यानें टिपलें. गाडीवानास दोन गांवांमधील मैलांशीं कर्तव्य नसतें. किती मुक्काम पडतील, बैलांस वैरण कोठें मिळेल, नदीस उतार कोठें आहे, हें त्यास ठाऊक असलें म्हणजे झालें. तगराचें अंतर म्हणून जें आपणांस मिळालें तें अशा रीतीनें अंतर नसून काळ आहे.

ह्या काळाचें पुन्हां अंतर करण्याच्या खटपटींत विद्वानांचें जवळजवळ एक शतक गेलें. तगर हें कोणतें गांव? विल्फर्डनें देवगिरीचें नांव पुढें केलें. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांस तें जुन्नर असावें असें वाटलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांनीं बीड जिल्ह्यांतील धारुराकडे बोट दाखविलें. कोल्हापुराचेंही नांव घेतलें गेलें, कारण शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत आणि त्यांची एक शाखा कोल्हापूर प्रांतीं राज्य करीत होती. अखेर सन १९०१ मध्यें जे. एफ्. फ्लीट ह्यांनीं धाराशिव जिल्ह्यांतील तेर हेंच प्राचीन तगर होय असें दाखवून दिलें. नांवाचा पुरावा सरळ होता: प्राकृत भाषांच्या वळणानें मधला गकार लोपून तगराचें तयर व तयराचें तेर झालें. परंतु नांवाइतकाच महत्त्वाचा पुरावा अंतराचा होता.

तो पुरावा वाचकांस आज घरबसल्या ताडून पाहतां येईल. भडोचपासून पैठणपर्यंत सरळ रेषेंत सुमारें ३५० किलोमीटर भरतात; त्यास वीस दिवस लागत, म्हणजे दर दिवशीं सरळ रेषेची मजल साडेसतरा किलोमीटर पडली. वाटेचीं वळणें व चढउतार धरले तर बैलगाडीची प्रत्यक्ष चाल दिवसास सहा ते आठ कोस येते आणि ती कोणाही शेतकऱ्यास पटण्याजोगी आहे. आतां हेंच प्रमाण दहा दिवसांस लावलें तर तगर पैठणापासून सरळ रेषेंत दीडशें ते पावणेदोनशें किलोमीटरांवर असलें पाहिजे. देवगिरी तर पैठणापासून अवघ्या पन्नास किलोमीटरांवर आहे. तिला दहा दिवस लागण्याचें कारण नाहीं. कोल्हापूर तीनशें किलोमीटरांच्याही पलीकडे आहे. तेथें दहा दिवसांत भरलेली गाडी पोंचणें कठीण. जुन्नराचें अंतर जमतें, पण तें पूर्वेस नसून पश्चिमेस आहे. धारूर शंभराच्या थोडें पुढें आहे, म्हणजे अपुरें पडतें. तेर मात्र सुमारें दीडशें किलोमीटरांवर आहे; दिशा ठीक पूर्व नसून आग्नेय आहे इतकेंच. ज्या सरळ रेषेनें आज विमानाचें अंतर सांगतात त्याच रेषेनें विसाव्या शतकाच्या आरंभीं एका हरवलेल्या नगराचा पत्ता पक्का करण्यास हातभार लाविला, ही गोष्ट आम्हांस मोठी मौजेची वाटते.

पुढें जमिनीनेंही साक्ष दिली. सन १९५८ मध्यें चापेकरांच्या देखरेखीखालीं आणि नंतरच्या दशकांत इतरांच्या हातून तेरेस उत्खननें झालीं. तेथील श्री. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचें संग्रहालय आज तेरेस उभें आहे. त्यांतील एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहिली कीं इटलींतील पाँपेई नगरांत सन १९३८ मध्यें सांपडलेल्या तशाच हिंदी मूर्तीची आठवण होते. पाँपेई सन ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, म्हणजे ती मूर्ति त्याआधींच समुद्र ओलांडून गेली होती. तेरणेच्या कांठचें हें गांव आज बहुतेकांस संत गोरोबाकाकांच्या समाधीमुळें माहीत आहे. तेथील विटांचें प्राचीन त्रिविक्रममंदिर पाहून परतणाऱ्या यात्रेकरूच्या मनांत येत नाहीं कीं आपण एके काळच्या मोठ्या व्यापारी वाटेवर उभे आहों. धाराशिवाहून लातुरास विमान जात असतें तर खिडकींतून तेर दिसलें असतें, आणि पाहतां पाहतां मागें पडलें असतें.

मागें पडणें म्हणजे काय, हें ह्या मुलुखास एकोणिसाव्या शतकांत पुरतें कळलें. सन १८५३ च्या तहानें नळदुर्ग जिल्हा, ज्यांत हा बहुतेक मुलूख मोडत असे, निजामानें इंग्रजांच्या हवालीं केला होता. सन १८६० मध्यें इंग्रजांनीं तो परत केला. त्याच सन १८६० मध्यें मुंबईहून निघालेली आगगाडी सोलापुरास पोंचली. हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. धाराशिवापासून सोलापूर अवघें वीस कोस. इतक्या जवळ लोखंडी सडक आली आणि त्याच वर्षीं दोहोंच्या मध्यें एका राज्याची हद्द उभी राहिली. हद्दीच्या पलीकडे चलन वेगळें, जकात वेगळी, दरबारची भाषा वेगळी. सोलापुराहून मुंबईस एका रात्रींत जातां येऊं लागलें, पण धाराशिवाहून सोलापुरास जाण्याचे वीस कोस वीस कोसच राहिले. मुंबई जवळ आली ती सोलापुरास. त्याच्या शेजाऱ्यास ती होती तेथेंच राहिली. शेजारचें गांव जवळ येतें तेव्हां आपलें गांव न हलतांही दूर जातें, हा प्रवासाच्या इतिहासांतला एक निष्ठुर नियम आहे.

आगगाडी ह्या जिल्ह्यांत शिरली ती अरुंद रुळांवरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनिअरानें अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभारली. सन १८९७ मध्यें ती मुख्य लोहमार्गावरील बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडी, स्थानकापासून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि सन १९११ मध्यें लातुरास पोंचली. बार्शी व लातूर ह्या कापसाच्या व धान्याच्या पेठा. कंपनीस माल हवा होता. धाराशिव हें कचेऱ्यांचें गांव, आणि तें बालाघाटाच्या पठारावर. गाडी येडशीवरून पुढें निघून गेली व जिल्ह्याचें मुख्य ठाणें वीसएक किलोमीटर बाजूस राहिलें. पुढें हा मार्ग पंढरपुरावरून मिरजेपर्यंत वाढला. सन १९५४ मध्यें सरकारनें तो ताब्यांत घेतला. तरी धाराशिवकरांस गाडीसाठीं आधीं दुसऱ्या गाडीनें येडशी गांठावी लागे. रुंद रूळ टाकतांना मार्ग वळवून सन २००७ मध्यें लातूर ते धाराशिव आणि सन २००८ मध्यें धाराशिव ते कुर्डुवाडी अशी गाडी सुरू झाली, तेव्हां हें वीस किलोमीटरांचें अंतर तुटलें. तें तोडावयास शहाण्णव वर्षें लागलीं.

ह्याच कॅलथ्रॉपची आणखी एक हकीकत आमच्या विषयास धरून आहे. त्याचा स्नेही चार्ल्स रोल्स सन १९१० मध्यें इंग्लंडांत विमान कोसळून मृत्यु पावला. तेव्हांपासून विमानांतून सुखरूप खालीं उतरण्याच्या साधनानें कॅलथ्रॉपच्या मनांत घर केलें, आणि त्यानें ‘गार्डियन एंजल’ नांवाची हवाई छत्री तयार केली. पहिल्या महायुद्धांत ती हेर उतरविण्याच्या कामीं आली, पण ब्रिटिश वैमानिकांस ती द्यावयास त्यांचे वरिष्ठ तयार झाले नाहींत. ज्या मनुष्यानें ह्या मुलुखांत पहिली आगगाडी आणली त्याचेंच उत्तरायुष्य विमानाच्या चिंतेंत जावें आणि त्याच्या लोहमार्गानें टाळलेल्या गांवास पुढें विमानतळ मिळावा, ह्यास दैवाची थट्टा म्हणावें कीं काय?

सरहद्दीचें अंतर मात्र एका दिवसांत नाहींसें झालें. सन १९४८ च्या सप्टेंबरच्या १३ तारखेस मेजर जनरल जयंतनाथ चौधरी ह्यांच्या हाताखालील भारतीय सेना सोलापुराकडून हैदराबाद संस्थानांत शिरली. पहिली महत्त्वाची चकमक नळदुर्गास झाली. बोरी नदीवरचा पूल उडविला जाण्यापूर्वींच सेनेनें तो अखंड ताब्यांत घेतला आणि नळदुर्ग पडलें. १७ तारखेस निजामाच्या सैन्यानें शस्त्र खालीं ठेविलें. आतां सोलापूर ते नळदुर्ग हें अंतर सरळ रेषेंत किती आहे? तेंही सुमारें ४५ किलोमीटरच, जितकें धाराशिव व लातूर येथील विमानतळांत आहे. ज्या ४५ किलोमीटरांच्या मध्यें एक राज्य अठ्ठ्याऐशीं वर्षें आडवें उभें होतें तीं एका दिवसांत उल्लंघिलीं गेलीं. मैल तेच होते. मधली मर्जी पालटली होती.

आतां विमानतळांकडे वळूं. सन १९८२ पर्यंत लातूर व धाराशिव हा एकच जिल्हा होता. त्या वर्षीं लातूर वेगळें झालें. दोन जिल्हे झाल्यावर कचेऱ्या दोन झाल्या आणि कालांतरानें विमानतळही दोन झाले. सन २००९ मध्यें राज्यांतील इतर कांहीं लहान विमानतळांबरोबर हे दोन्ही ९५ वर्षांच्या पट्ट्यानें एका खाजगी कंपनीस देण्यांत आले. पंचेचाळीस किलोमीटरांच्या आंत दोन धांवपट्ट्या असणें हें वैभवाचें लक्षण कीं अविचाराचें, असा वाद कोणी घालील. आमच्या मतें अशा अंतरास विमान केव्हां शोभतें तें पाहावें म्हणजे वाद मिटेल. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे ह्या दोन बेटांमध्यें सन १९६७ पासून विमान जातें. अंतर पावणेतीन किलोमीटरांहूनही कमी, वेळ दोन मिनिटांच्या आंत. जगांतील नियमित हवाई सेवांत ही सर्वांत लहान. तरी ती कोणास निरर्थक वाटत नाहीं, कारण मध्यें समुद्र आहे व समुद्र नेहमीं शांत नसतो. धाराशिव व लातूर ह्यांच्या मध्यें समुद्र नाहीं; तेरणा आहे आणि ज्वारीचीं शेतें आहेत. येथें विमानाचा उपयोग शेजारच्या गांवीं जाण्यास नसून दूरच्या जगास गांठण्यास आहे. धाराशिवापासून मुंबई सरळ रेषेंत सुमारें ३५० किलोमीटर, म्हणजे पेरिप्लसच्या भडोच-पैठणाइतकीच. तेव्हां वीस दिवस लागत. विमानास तास पुरे.

परंतु तो तास हातीं येण्यास काय काय जमावें लागतें तें शेजारच्या सोलापुरानें दाखविलें आहे. तेथें धांवपट्टी होती, शहर मोठें होतें, उतारूही होते. विमानाच्या वाटेंत एका साखर कारखान्याची चिमणी उभी होती. वादविवादांत वर्षें गेलीं. सन २०२३ च्या जून महिन्यांत ती चिमणी पाडली आणि सन २०२५ च्या जूनमध्यें सोलापुराहून गोव्यास उतारू विमान जाऊं लागलें. चिमणीमागें ऊंस घालणारे शेतकरी होते, विमानामागें व्यापारी व विद्यार्थी होते. दोन्ही पक्षांचें कांहीं तरी खरें होतें. आम्हांस येथें न्याय द्यावयाचा नाहीं. एवढेंच दाखवावयाचें आहे कीं आकाशांतील वाटसुद्धां जमिनीवरच्या माणसांस विचारल्यावांचून मोकळी होत नाहीं.

आणि शेवटीं ज्या प्रसंगीं काळाची किंमत तिकिटाच्या दरानें मोजतां येत नाहीं असे दोन प्रसंग ह्या भागानें पाहिले. सन १९९३ च्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहांटे चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीजवळ भूकंप झाला आणि दोन्ही जिल्ह्यांतील हजारों माणसें दगडमातीच्या घरांखालीं गाडलीं गेलीं. त्या वेळीं कुर्डुवाडीहून लातुरास येणारी आगगाडी अजून अरुंद रुळांवरच होती. दुसरा प्रसंग सन २०१६ च्या एप्रिलांतला. लातुरांत पिण्यास पाणी उरलें नाहीं, तेव्हां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा टाक्यांत पांच लाख लिटर पाणी होतें. ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी व धाराशिव ह्या वाटेनें आली, म्हणजे येडशीचें वळण सोडलें तर कॅलथ्रॉपच्या जुन्याच वाटेनें. ज्या मार्गानें पूर्वीं ह्या मुलुखाचा कापूस बाहेर गेला त्याच मार्गानें त्यास पाणी परत आलें. तो मार्ग पूर्वींसारखा अरुंद राहिला असता तर तीं टांक्यांचीं रांग तेथवर आलीच नसती. तहानलेल्या शहरास सरळ रेषेंतील अंतर विचारून काय मिळालें असतें?

ह्या सर्वांवरून आम्ही विमानतळाच्या विरुद्ध आहों असें कोणी समजूं नये. धांवपट्टी असणें चांगलें. संकटांत ती लाख मोलाची ठरेल. आमचें सांगणें इतकेंच कीं नकाशावरच्या रेषेस वाट समजण्याची चूक करूं नये. तगर मोठें झालें तें भडोचेपासून त्याचें अंतर थोडें होतें म्हणून नव्हे. अंतर पुष्कळच होतें. गाड्या दहा दिवस चालून तेथें येत, मुक्काम करीत आणि भरून परत जात, म्हणून तें मोठें झालें. उलट येडशीची गाडी धाराशिवापासून हाकेच्या अंतरावरून शहाण्णव वर्षें धांवली आणि शहरास तिचा थोडकाच लाभ झाला. गांव जवळ कीं दूर हें त्याच्यावरून काय जातें ह्यावर अवलंबून नाहीं. तेथें काय थांबतें ह्यावर आहे.

पेरिप्लसच्या त्या अनामिक व्यापाऱ्यास हें कळलें होतें. त्यानें मैल न विचारतां दिवस विचारले, आणि नगराच्या नांवापुढें तेथून कोणता माल निघतो तें लिहून ठेविलें. धाराशिवाच्या नव्या विमानतळाविषयीं विचार करतांना आपणही हाच क्रम ठेवावा. अंतर तर पट्टीनें कोणीही मोजील.